सुई डॉक्टर आणि रजिस्ट्रारचा फोन

त्या हॉस्पिटलात तिला सगळे सुई म्हणायचे. नाव वॉर्डातल्या सिस्टरांनी ठेवलं होतं आणि त्यात टोचून बोलण्याचा भाग अजिबात नव्हता. ज्या पेशंटची शीर कुणाला म्हणून सापडायची नाही, चौघांनी चार ठिकाणी प्रयत्न करून झालेले असायचे, पेशंट हात आखडून बसलेला असायचा, तिथे हिला बोलावलं जायचं. ही खुर्ची ओढून शेजारी बसायची, मनगटापासून कोपरापर्यंत दोन बोटं फिरवायची, आणि पेशंटनं 'झालं का' विचारायच्या आत सलाइन सुरू झालेलं असायचं. चार वर्षांत ही ख्याती इतकी पसरली की वरच्या मजल्यावरच्या बाळांच्या विभागातूनसुद्धा तिला हाक यायला लागली. तिलाही त्याचं अप्रूप होतं. आपल्या हातात काहीतरी आहे हा आनंद तिला रोज मिळत होता, आणि तो सोडून वर चढायची तिला काही घाई नव्हती.

पण चार वर्षं झाली आणि वर चढायची वेळ आलीच. पुढची जागा होती मेडिसिनच्या रजिस्ट्रारची.

रजिस्ट्रार म्हणजे त्या हॉस्पिटलात खिशात एक जाडजूड, कोपरे झिजलेला फोन घेऊन फिरणारा डॉक्टर. बाहेरून कुणी अचानक अत्यवस्थ होऊन आलं, आतला एखादा पेशंट बसल्याजागी बिघडला, कुणाचं हृदय बंद पडलं, की तो फोन वाजायचा. रजिस्ट्रारच्या वर मोठे डॉक्टर असायचे, पण ते ओपीडीत बसलेले. खाली नवशिके डॉक्टर असायचे, पण ते त्याच्याच तोंडाकडे बघत उभे. कुणाकडे आधी धावायचं, कुणाला थांबवायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे त्या मधल्या माणसानं ठरवायचं. सुईनं तो फोन वाजल्यावर भल्याभल्यांचे चेहरे कसे उतरतात ते जवळून पाहिलं होतं. आपल्या खिशात तो येणार हा विचार ती शक्यतो टाळायची.

पूर्वी त्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार करायची रीत फार सोपी होती. आज ज्युनिअर, उद्या सकाळी आठला रजिस्ट्रार, पोहता आलं तर पोहा. लागोपाठ दोघे जण काम सोडून गेले तेव्हा विभागातल्या मोठ्या डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे, त्यांनी वरच्यांच्या खनपटीला बसून सहा आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. दर बुधवारी दुपारी, तळमजल्यावरच्या जुन्या प्लास्टरच्या खोलीत. मोठ्या मॅडम उंचीनं सुईच्या खांद्याला लागायच्या आणि आवाज इतका हळू, की त्या बोलायला लागल्या की माणसं आपोआप पुढे वाकायची. हाताखालून पाच-पंचवीस रजिस्ट्रार गेले होते, पण कुणावर ओरडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

खोलीच्या फरशीवर अजून प्लास्टरचे पांढरे ठिपके होते. मध्ये एक पलंग आणि त्यावर रबरी पुतळा. त्याचा डावा हात कधीतरी तुटला होता, तिथे दुसऱ्याच पुतळ्याचा हात बसवलेला, रंगानं दोन छटा गडद. वर्गात सुईखेरीज एकच डॉक्टर होता. त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे, कारण कुठलीही गोष्ट विचारली की तो पुस्तकाच्या पानाच्या आकड्यासकट सांगायचा.

पहिल्याच बुधवारी पुतळ्याचं हृदय बंद पडलं. मॅडमनी सुईला सांगितलं, रजिस्ट्रार तू. प्रोफेसर छाती दाबायला लागला, मदतीला आलेल्या सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. सुईच्या लक्षात आलं, पुतळ्याची शीर मोकळी आहे, सलाइनच नाही. तिला बरंच वाटलं. हे तर आपलं घरचं काम. ती खाली वाकली, दहा सेकंदांत सुई आत, पट्टी चिकटवून वर बघते तर प्रोफेसर घामाघूम होऊन कसाबसा दाबतोय, त्याला बदली द्यायला कुणी नाही, सिस्टर ट्रे घेऊन तशाच ताटकळलेल्या, आणि मशीनवरची हृदयाची रेघ विजेचा झटका देण्यासारखी झाली होती ते कुणी पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी मशीन बंद केलं.

"सलाइन छान लावलंस," त्या म्हणाल्या. "पेशंट मात्र गेला."

त्यांनी ते इतक्या साधेपणानं सांगितलं की रागही धरता येईना. पुढच्या बुधवारपासून तिच्यासाठी नियम झाला. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे, आणि काहीही झालं तरी पेशंटला शिवायचं नाही. जे करायचं ते दुसऱ्याकडून, नाव घेऊन करून घ्यायचं.

ऐकायला हे सोपं होतं. पण सुईचे हात असे शिवशिवायचे की पाठीमागे तिनं आपलीच बोटं आपल्या मुठीत धरून ठेवलेली असायची. प्रोफेसरनं सलाइन लावायला दोनदा चुकवलं की तिच्या तोंडातून 'सरक' बाहेर पडायचं, आणि मॅडम कोपऱ्यातून नुसती मान हलवायच्या. प्रोफेसरची गोची वेगळीच होती. त्याला पेशंट बिघडण्याची सातही कारणं पाठ, पण त्यातलं पहिलं कुठलं धरायचं यावर त्याचं घोडं अडायचं. दोघं वर्गानंतर कँटीनमध्ये चहा पीत एकमेकांचं सांत्वन करायचे, आणि तुझं डोकं आणि माझे हात एकत्र करून एकच रजिस्ट्रार बनवावा असं त्यांचं ठरलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात फोनचा सराव सुरू झाला. मॅडम शेजारच्या खोलीतून फोन करायच्या, कधी घाबरलेला ज्युनिअर होऊन, कधी बेड मागणारा इमर्जन्सीचा डॉक्टर होऊन. सुईचं उत्तर ठरलेलं असायचं. ती म्हणायची, 'बरं, बघते.' चौथ्यांदा तिनं तसं म्हटल्यावर मॅडम फोन ठेवून स्वतः खोलीत आल्या आणि तो शब्द त्यांनी तिच्याकडून काढूनच घेतला. काय बघणार, किती वेळात बघणार, आणि तोवर फोनवरच्या माणसानं काय करायचं, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. 'बघते' ऐकलं की पलीकडच्या माणसाला वाटतं, काळजी मिटली. प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त रस घेतला तो सासूबाईंनी. सासूबाई तीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या होत्या. ओरडणारी, रडणारी, चुकीच्या खिडकीशी येऊन हट्टानं उभी राहणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली होती की निवृत्त झाल्यावर त्यांना घर फारच शांत वाटायचं. त्यांनी जाहीर केलं की फोनचा सराव आपण घेणार. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायचा. तो संध्याकाळी येऊन हात-पाय धुऊन बसेपर्यंत घरात धमाल सुरू झालेली असायची. सासूबाई स्वयंपाकघरातून फोन करायच्या, सून बाहेरच्या खोलीत उचलायची. सरावासाठी सुनेनं दिलेल्या कागदावर लिहिलं असायचं 'साठ वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखतंय,' पण सासूबाईंचं तेवढ्यानं भागायचं नाही. त्या गृहस्थांना चक्कर आणायच्या, पायाला सूज आणायच्या, आणि त्यांची दोन मुलं आपसात भांडत वॉर्डात शिरली आहेत असंही सांगायच्या.

"आई, एवढं सगळं एकाच माणसाला होत नाही," सून हसून म्हणायची.

"अगं, खिडकीशी येणारा कधी एकच प्रश्न घेऊन येतो का? दहा सांगतो. त्यातला खरा कुठला ते आपण काढायचं."

मग त्या नातेवाईक व्हायच्या आणि अशा काही तोंड सोडायच्या की शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. नवऱ्यानं काकूंना सांगितलं की ठीक आहे, सासू-सुनेचं भांडण नाही, अभ्यास चाललाय. काकूंचा त्यावर विश्वास बसल्याचं दिसलं नाही.

असा पाचवा आठवडा आला. त्या गुरुवारी दुपारी पाऊण वाजता सुई वॉर्डात कागद भरत बसली होती, तेव्हा ड्यूटीवरचा रजिस्ट्रार जवळजवळ पळतच आला. हा मोठ्या मिशांचा, एरवी डोंगर कोसळला तरी शांत असणारा माणूस. त्या दिवशी मात्र त्याच्या मिशाही थरथरत होत्या. बायकोला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यानं मोठ्या मॅडमशी बोलून घेतलं होतं. पाच वाजता संध्याकाळचा रजिस्ट्रार येईपर्यंत फोन सुईनं धरायचा. त्यानं चार पेशंटची नावं लिहिलेला कागद तिच्या हातात दिला, फोन दिला, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

फोन अजून त्याच्या खिशाच्या उबेनं गरम होता. तिनं तो हातात धरला आणि तेवढ्यात तो वाजलाच. मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं की मी दुसऱ्या मजल्यावर ओपीडीत आहे, प्रोफेसर तुझ्याबरोबर आहे, अडलीस तर फोन कर. नाही अडलीस तरी तीन वाजता एकदा कर. एवढंच.

पहिला तास बरा गेला. ओपीडीतून एका पेशंटच्या गोळ्यांबद्दल विचारणा झाली, ती तिनं निस्तरली. एक ताप, एक चक्कर. पुरुषांच्या वॉर्डातून फोन आला की एका आजोबांचं रक्तातलं पोटॅशियम जरा वाढलंय, आणि त्यांची मुलगी डॉक्टरांना भेटायचं म्हणून थांबली आहे. सुई त्या वेळी जिना चढत होती आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट होता.

"बरं, बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही, कारण फोन लगेच पुन्हा वाजला. इमर्जन्सीचा डॉक्टर होता. तेवीस वर्षांची मुलगी, बेकरीत कामाला, सकाळपासून दम्याचा ॲटॅक. आली तेव्हा फार धापत होती, पण आता सुधारतेय. धाप कमी झालीय, छातीतली शिट्टीही थांबलीय. वॉर्डात बेड मिळाला तर पाठवून देतो.

तो बेडबद्दल पुढे बोलत होता, पण सुईचं लक्ष एका शब्दावर अडकलं होतं. शिट्टी थांबलीय.

"ती बोलतेय का तुमच्याशी?" तिनं विचारलं.

"नाही, दमलीय. डोळे मिटून पडलीय."

सुई जिन्यातच थांबली. दम्याच्या माणसाच्या छातीत शिट्टी वाजते ती हवा आत-बाहेर जातेय म्हणून. हवाच जायची थांबली की शिट्टीही थांबते. तिनं सांगितलं, तिला कुठेही हलवू नका, बसती ठेवा, ऑक्सिजनवर वाफ सुरू ठेवा, मी दोन मिनिटांत पोहोचते.

फोन खिशात टाकते न टाकते तोच पुन्हा वाजला. हाडांच्या वॉर्डातली सिस्टर. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ बाथरूमहून आले आणि एकदम धाप लागली, ऑक्सिजन उतरलाय.

एक माणूस तळमजल्यावर, एक तिसऱ्या मजल्यावर, आणि ती मधल्या जिन्यात. क्षणभर तिचे पाय जागीच खिळले. मग तिनं सिस्टरला सांगितलं की ऑक्सिजन लावा आणि ईसीजी काढा, डॉक्टर पाठवते. आणि प्रोफेसरला फोन लावला.

"हाडांच्या वॉर्डात जा. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस, एकदम धाप. फुप्फुसात गुठळी गेली असेल असं धरूनच चाल. दहा मिनिटांत मला तीन आकडे सांग, नाडी, प्रेशर, ऑक्सिजन. बाकी कारणं नंतर."

प्रोफेसर नुसता 'हो' म्हणाला. त्याला पहिलं कारण कुणीतरी निवडून दिलं होतं.

इमर्जन्सीत ती मुलगी उशांना टेकून बसली होती. केसांत आणि भुवईत अजून पीठ होतं. ओठांचा रंग बघवत नव्हता. सुईनं छातीला स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे, डावीकडे, पाठीला. आत काहीच ऐकू येत नव्हतं. बंद घराच्या भिंतीला कान लावावा तसं.

आणि त्याच वेळी मुलीच्या हाताचं सलाइन निघून आलं होतं. एक नवशिका डॉक्टर दुसरीकडे शीर शोधत होता. पहिला प्रयत्न फसला होता, कपाळावर घाम. सुईला ती शीर तिथूनच दिसत होती. डाव्या कोपराच्या घडीत, जरा बाहेरच्या बाजूला. तिला फक्त वाकायचं होतं. दहा सेकंदांचं काम.

ती वाकली नाही. ती दोन पावलं मागे, पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि तिनं हात पाठीमागे घेतले.

तिथून तिनं एकेकाला काम दिलं. सिस्टरला सांगितलं, आयसीयूच्या डॉक्टरांना फोन करा, म्हणावं रजिस्ट्रारनं बोलावलंय, श्वासनलिकेत नळी घालावी लागेल असं वाटतंय, पाच मिनिटांत या. इमर्जन्सीच्या डॉक्टरला श्वासनळ्या सैल करणारं मॅग्नेशियमचं इंजेक्शन भरायला आणि मनगटातून रक्त काढायला सांगितलं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. काय हुकलं होतं ते त्याला कळलं, आणि तो मुकाट्यानं कामाला लागला. मग ती त्या नवशिक्याकडे वळली.

"डाव्या कोपराची घडी बघ. बाहेरच्या बाजूला बोट ठेव. लागली? घाई करू नकोस, मी इथेच आहे."

त्यानं बोट ठेवलं, श्वास घेतला, आणि हातातली सुई शिरेत गेली. नळीत रक्त आलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की त्या गडबडीतही सुईला हसू आलं.

पण मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरतच होता. ब्याण्णव होता, नव्वद झाला, अठ्ठ्याऐंशी. सगळे मुलीवर वाकलेले. सुई एकटीच ताठ उभी होती, म्हणून तिला ते दिसलं. भिंतीतून येणारी ऑक्सिजनची नळी पलंगाच्या वर घेतलेल्या कठड्यात चिमटली गेली होती.

"मावशी, तो कठडा खाली घ्या. नळी अडकलीय," ती दाराशी उभ्या असलेल्या आयाबाईंना म्हणाली.

कठडा खाली आला, नळी फुगून मोकळी झाली, आकडा चढायला लागला. रक्ताचा रिपोर्ट आला. एवढा वेळ धापणाऱ्या माणसाच्या रक्तात जो कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा तो उलट वाढला होता. म्हणजे मुलगी सुधारत नव्हती. तिची श्वास घ्यायची ताकद संपत आली होती.

खिशातला फोन वाजला. प्रोफेसरनं तीन आकडे सांगितले. तिन्ही वाईट नव्हते, पण चांगलेही नव्हते. तो म्हणाला की गुठळीच वाटतेय, रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की आधी स्कॅन, माझ्यानं ठरत नाही, ऑपरेशन परवाच झालंय. सुईला त्याच्याकडे जायला हवं होतं आणि इथून हलता येत नव्हतं. मोठ्या मॅडमना फोन करायचा म्हणजे त्यांना ओपीडीतून उठवायचं, आणि तेही आपल्या वाटणीचं काम करायला सांगायचं. पंधरा दिवसांपूर्वी तिची तशी छाती झाली नसती. तिनं फोन लावला.

चार वाक्यांत तिनं दोन्ही पेशंट सांगितले.

"माझ्याकडून काय हवंय?" त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही हाडांच्या वॉर्डात जाल का? मला इथून हलता येणार नाही."

"जाते," मॅडम म्हणाल्या. फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आयसीयूचे डॉक्टर आले. मुलीला आणखी पंधरा मिनिटं मॅग्नेशियम आणि वाफेवर ठेवून पाहिलं, पण ती हाक मारली तरी डोळे उघडेना, तेव्हा त्यांनी नळी घालायचं ठरवलं. सुई पायथ्याशी उभी राहून प्रेशर मोजायला लावत होती, वेळ सांगत होती, औषधं मागे-पुढे होणार नाहीत हे बघत होती. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. थोड्या वेळानं छाती नीट वर-खाली होऊ लागली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलीला लिफ्टकडे नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या तिच्या मावशीजवळ सुई जाऊन बसली. मुलीच्या जागी मशीन श्वास घेतंय, ती झोपेच्या औषधावर आहे, धोका टळला असं मी आज म्हणणार नाही, पण ती योग्य जागी आहे आणि वेळेवर पोहोचलीय. हे सगळं तिनं सावकाश सांगितलं. मावशींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हाडांच्या वॉर्डातल्या गृहस्थांचं मॅडमनी निभावलं होतं. स्कॅनमध्ये गुठळी दिसली, औषध सुरू झालं. मग बारीकसारीक कामांत वेळ गेला. पाचला पंधरा मिनिटं उरली असताना सुई चहाच्या मशीनसमोर उभी होती, आणि एकदम तिला आठवलं. पोटॅशियमचे आजोबा.

ती पळतच पुरुषांच्या वॉर्डात गेली. आजोबा पेपर वाचत होते. सिस्टरनं, डॉक्टर येत नाहीत असं बघून, वाढलेल्या पोटॅशियमचा हृदयावर परिणाम झालाय का ते बघायला आपणहून ईसीजी काढून ठेवला होता, आणि तो ठीक होता. पण आजोबांची मुलगी ठीक नव्हती. ती दोन तासांहून जास्त वेळ तिथे उभी होती आणि तिनं जे ऐकवलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तुम्ही बघते म्हणालात. आम्ही वाट बघत राहिलो. काही झालं असतं तर?

सुईच्या जिभेवर कारण तयार होतं, आणि ते खरंही होतं. पण ते तिनं आतच ठेवलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "निदान ईसीजी काढायला तरी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते सिस्टरांनी केलं. आता मी आहे, आपण नीट बसून बोलू."

मुलीचा राग लगेच गेला नाही, पण ती बसली. सुईनं पोटॅशियम वाढवणारी गोळी बंद केली, सात वाजता पुन्हा रक्त तपासायला लिहून दिलं, सिस्टरांचे आभार मानले, आणि पाच वाजता संध्याकाळच्या रजिस्ट्रारला फोन देताना त्या तपासणीची आठवण दोनदा केली. फोन खिशातून गेल्यावर तिला एक बाजू हलकी झाल्यासारखी वाटली, आणि थोडी रिकामीही.

मोठ्या मॅडम प्लास्टरच्या खोलीत थांबल्या होत्या. सुईला वाटलं होतं, त्या बेकरीतल्या मुलीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, आज काय बरोबर गेलं नाही. सुईनं आजोबांचं सगळं सांगितलं, 'बघते'सकट. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की स्वतःच्या पहिल्या आठवड्यात त्या एका पेशंटला विसरून सरळ घरी गेल्या होत्या आणि अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. तेव्हापासून त्या प्रत्येक फोन आपल्या तळहातावर लिहितात. त्यांनी हात पुढे केला. निळ्या शाईनं तळहात भरला होता, आणि त्यात खालच्या बाजूला 'हाडांचा वॉर्ड' असंही होतं.

"आणि मला कामाला लावलंस ते फार बरं केलंस," मॅडम उठताना म्हणाल्या. "ते सगळ्यात उशिरा जमतं लोकांना. काहींना जमतच नाही."

त्या संध्याकाळी घरी जेवणं लांबली. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सासूबाईंनी मध्येच थांबवून आजोबांच्या मुलीचं बोलणं शब्दशः पुन्हा म्हणून घेतलं. त्यांचं मत पडलं की मुलगी फारच सभ्य होती, आपण असतो तर एवढ्यावर सोडलं नसतं. नवऱ्यानं विचारलं, भीती वाटली का. सुईनं विचार करून सांगितलं की जिन्यात वाटली, पलंगाशी नाही. मग ती ताटावरच पेंगायला लागली आणि सासूबाईंनी तिला हात धुऊन झोपायला पाठवलं.

मिशीवाल्याला मुलगी झाली, अडीच किलोची, ठणठणीत. शुक्रवारी त्यानं अख्ख्या विभागाला फोटो पाठवले.

शनिवारी सुई आयसीयूत गेली. बेकरीतल्या मुलीची नळी सकाळीच काढली होती. आवाज घोगरा, डोळे सुजलेले, पण ओठ गुलाबी. सुईनं आपण कोण ते सांगितलं. मुलीला अर्थातच काही आठवत नव्हतं. तिनं मान डोलावली, आणि घोगऱ्या आवाजात विचारलं की इथे कुणाकडे मोबाइलचा चार्जर मिळेल का, बेकरीत अजून कळवलेलं नाही. सुईनं सिस्टरांच्या टेबलावरचा चार्जर आणून दिला. तो पलंगापासून पुरत नव्हता, म्हणून तिनं खुर्ची सरकवून फोन खुर्चीवर ठेवला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठच्या मीटिंगला रजिस्ट्रारच्या खुर्चीवर ती बसली. समोर प्रोफेसर, तो नवशिका डॉक्टर, दोन नव्या मुली. बाहेर कॉरिडॉरमध्ये नाश्त्याच्या गाड्यांचा खडखडाट चालला होता. यादीत अकरा नावं होती. तिनं पेनचं टोपण काढलं, तळहातावर तारीख लिहिली, आणि पहिल्या पेशंटचं नाव वाचून विचारलं की यांना आज कुणी पाहिलंय.